बून, डॅन्यल

बून, डॅन्यल : (२ नोव्हेंबर १७३४ – २६ सप्टेंबर १८२०). अ‍ॅपालॅचियन पर्वतापलीकडील केंटकी प्रदेशात इंग्रजी भाषकांच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी एक वसवणारा अमेरिकन शिकारी, वाटाड्या व भूमापक. त्याचा जन्म पेनसिल्व्हेनियात, सध्याच्या रेडिंग शहराजवळ एका क्वेकर (एक शांततावादी ख्रिस्ती पंथ) कुटुंबात झाला. जुन्या ज्यूलियन कालगणनेप्रमाणे त्याची जन्मतारीख २२ ऑक्टोबर येते. ब्रिटन व त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये ग्रेगरियन कालगणना स्वीकारल्यामुळे ती ११ दिवसांनी पुढे सरकली. बून स्वतः मात्र २२ ऑक्टोबरच मानत राहिला. चरित्रांत दोन्ही तारखा आढळतात त्या यामुळे, आणि त्यांत विसंगती मानण्याचे कारण नाही.

मुलांनी पंथाबाहेर विवाह केल्यावरून बूनच्या वडिलांचे क्वेकर मंडळाशी बिनसले. १७५० च्या सुमारास हे कुटुंब नॉर्थ कॅरोलायनातील यॅडकिन नदीच्या खोऱ्यात आले. तेथेच १७५६ मध्ये बूनचा रिबेका ब्रायन हिच्याशी विवाह झाला. त्यांना दहा मुले झाली. बूनची उपजीविका शेतीपेक्षा शिकारीवर अधिक होती. शरद-हिवाळ्याच्या हंगामात महिनोन्‌महिने रानात राहून हरणांची व बीव्हरची कातडी जमवायची आणि ती विकून कर्जे भागवायची, असा हा व्यवसाय होता. त्याच ओढीने तो १७६९ मध्ये केंटकीत उतरला व दोन वर्षे तेथे राहिला. १७७३ मध्ये सहकुटुंब वस्तीचा त्याने केलेला पहिला प्रयत्न फसला. वाटेतील हल्ल्यात त्याचा थोरला मुलगा जेम्स मारला गेला.

केंटकीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न मुळातच गुंतागुंतीचा होता. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्स तहाने इरोक्वॉय या मूळ रहिवासी जमातींच्या संघाने ओहायो नदीच्या दक्षिणेकडील प्रदेश ब्रिटिशांना दिला. परंतु तेथे प्रत्यक्ष शिकार करणाऱ्या शॉनी या दुसऱ्या जमातीच्या लोकांना तो तह मान्य नव्हता. मार्च १७७५ मध्ये रिचर्ड हेंडरसनच्या ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीने सिकॅमोर शोल्स येथे चेरोकी जमातीच्या प्रमुखांकडून मोठा भूभाग खरेदी केला. ड्रॅगिंग कनू या तरुण प्रमुखाने त्याला उघड विरोध केला होता. कंपनीसाठी बूनने सुमारे तीस माणसांनिशी कंबरलंड खिंडीतून झाडे तोडत वाट पाडली आणि एप्रिलमध्ये केंटकी नदीकाठी बून्सबरोच्या गढीचे काम सुरू केले. ही वाट पुढे ‘वाइल्डरनेस रोड’ म्हणून प्रसिद्ध झाली. ती अगदी नवी नव्हती : तिचे बरेचसे टप्पे रानगव्यांच्या व मूळ रहिवाशांच्या जुन्या पायवाटांवरूनच जातात. म्हणून बूनला केंटकीचा ‘शोधक’ म्हणण्यापेक्षा वाट रुळवणारा म्हणणे अधिक रास्त ठरते.

फेब्रुवारी १७७८ मध्ये ब्लू लिक्स येथील खाऱ्या झऱ्यांवर मीठ आटवणारी तुकडी बूनच्या सांगण्यावरून शॉनी प्रमुख ब्लॅकफिश याच्या स्वाधीन झाली. ब्लॅकफिशने बूनला मुलगा म्हणून दत्तक घेतले व त्याचे नाव शेल्टोवी (मोठे कासव) असे ठेवले. गढीवर हल्ला होणार हे कळताच जूनमध्ये तो निसटला आणि सुमारे २५० किमी. अंतर चार दिवसांत तोडून परतला. सप्टेंबरमधील वेढ्यात गढी टिकली. परंतु आधीची शरणागती व शॉनींशी केलेल्या वाटाघाटी यांवरून त्याच्यावर लष्करी खटला भरण्यात आला. न्यायासनाने त्याला निर्दोष ठरवून मेजरपदी बढती दिली. बून स्वतः या प्रकरणाविषयी फारसे बोलत नसे आणि खटल्याचा तपशील मुख्यतः एका समकालीनाच्या आठवणींवरच आधारलेला आहे. ऑगस्ट १७८२ मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत त्याचा दुसरा मुलगा इझ्रेअल ठार झाला.

जॉन फिल्सनच्या १७८४ मधील केंटकीविषयक ग्रंथात बूनचे प्रथमपुरुषी निवेदन आहे. घटनाक्रम बूनकडून आलेला असला, तरी त्यातील आलंकारिक भाषा फिल्सनचीच असल्याचे सामान्यतः मानले जाते. या ग्रंथाने बूनला युरोपातही कीर्ती दिली. रॅकूनच्या कातड्याची टोपी मात्र नंतरच्या चित्रणांतून त्याच्या डोक्यावर आली. तो फेल्टची टोपी वापरत असे.

त्याच्या नावे झालेल्या जमिनीपैकी जवळपास काहीच अखेर त्याच्याकडे उरले नाही. व्हर्जिनिया राज्याने १७७८ मध्ये हेंडरसनची खरेदी रद्द ठरवली. १७७९ च्या कायद्यानुसार आधी स्थायिक झालेल्यांना ४०० एकरांचा व लगतच्या १,००० एकरांच्या अग्रक्रय (इतरांआधी विकत घेण्याच्या) हक्काचा दावा करता येत असे. परंतु त्यासाठी हक्कपत्र, हद्दनोंद, मोजणी व सनद अशा पायऱ्या क्रमाने पार कराव्या लागत. सरकारने आगाऊ मोजणी केलेली नव्हती. झाड, ओढा, दगड अशा खुणांवर हद्दी ठरत असल्याने छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले दावे निर्माण झाले. बूनने स्वतःसाठी व इतरांसाठी पुष्कळ मोजण्या केल्या; त्यांतील काही सदोष ठरल्या, तर कित्येक नोंदी वेळेत पूर्ण झाल्या नाहीत. मुदती व दप्तर सांभाळणे त्याला जमले नाही, असेच उपलब्ध पुराव्यावरून दिसते. त्यामुळे एकेक जमीन वाद, कर व कर्ज यांत गेली.

१७९९ मध्ये तो स्पेनच्या ताब्यातील लुइझिआनात, सध्याच्या मिसूरीतील फेम ओसाज परिसरात गेला. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्याला सुमारे ८५० एकर जमीन व सिंडिक हे स्थानिक न्यायदानाचे पद दिले. परंतु १८०३ मध्ये हा प्रदेश अमेरिकेने विकत घेतल्यावर औपचारिक पूर्ततेअभावी तो दावा फेटाळला गेला. १८१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने (संसदेने) खास कायद्याने जमीन परत दिली. बूनने ती बहुतांशी विकून केंटकीतील जुनी देणी फेडली.

रिबेका १८१३ मध्ये वारली. बून मुलगा नेथन याच्या दगडी घरात, वयाची ८६ वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर असताना मरण पावला. आपली शवपेटी त्याने आधीच करवून ठेवली होती, असे कुटुंबीयांच्या आठवणींत येते. त्याचे दफन मार्थसव्हिलजवळ टूक ओढ्याकाठच्या कौटुंबिक दफनभूमीत, रिबेकाच्या कबरीजवळ झाले.

पुढील वाद या दफनाविषयी आहे. १८४५ मध्ये केंटकीतील मंडळींनी दोघांचे अवशेष उकरून फ्रँकफर्ट येथे समारंभपूर्वक पुरले. टूक ओढ्याकाठच्या कबरींवर १८३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नाव नव्हते. मिसूरीतील परंपरेनुसार रिबेकाच्या शेजारची जागा आधीच व्यापलेली होती, त्यामुळे बूनला तिच्या पायाशी पुरले. नंतरचा दगड चुकीच्या कबरीवर बसला आणि नातेवाइकांनी ही चूक केंटकीकरांच्या लक्षात आणून दिली नाही. या दफनभूमीत गुलामांचेही दफन झाले होते. खुद्द बूनही काही काळ गुलामांचा मालक होता. १८४५ मध्ये कवटीचा प्लास्टरमध्ये साचा घेतला होता. तो तपासून केंटकीतील एका न्यायवैद्यकीय मानवशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये ही कवटी आफ्रिकी वंशाच्या व्यक्तीची असण्याची शक्यता व्यक्त केली. इतर तज्ज्ञांच्या मते असा निष्कर्ष काढण्याइतका साचा स्पष्ट नाही. चुकीच्या कबरीच्या कथेला समकालीन लेखी आधार मिळत नाही आणि ती विसाव्या शतकापूर्वी आढळत नाही, हे ध्यानात घेता फ्रँकफर्टचा पक्ष काहीसा बळकट वाटतो. मात्र उत्खननात प्रामुख्याने मोठी हाडेच उचलली गेली असावीत. तसे असल्यास काही अवशेष मिसूरीच्या मातीतच राहिले. दोन्ही दफनभूमी बूनच्या कबरीवर हक्क सांगतात.