विदर्भातील संकरित गाई आणि गोचीड ताप : पार्श्वभूमी

गोचीड जनावराचे रक्त तर पितेच, शिवाय आजारही पसरवते, ही गोष्ट 1893 साली अमेरिकेतील गुरांच्या तापावरील प्रयोगांतून सिद्ध झाली. विदर्भात मात्र या आजाराने दुधाच्या हिशेबात जागा घेतली ती फार पुढे, संकरित गाय कोठ्यात आल्यावर. वर्धा-नागपूर पट्ट्यातील गवळाऊ गाय दूध बेताचे देई, पण तिच्या वासरांची गोचिडांशी गाठ लहानपणीच पडत असे. त्यातून तगलेले जनावर परजीवी अंगात बाळगूनही चरायला जाई. आजार गावात होताच, फक्त तो क्वचित दिसत असे; संकरित गाईत तो उघड दिसू लागला.

‘गोचीड ताप’ हे नावही घोळाचे आहे. गावात थायलेरिओसिस, बबेसिओसिस आणि अॅनाप्लाझ्मोसिस या गोचिडांतून पसरणाऱ्या तीन वेगळ्या आजारांसाठी तेच वापरतात. प्रत्यक्षात पहिल्यावर ब्युपार्व्हाक्वोन, दुसऱ्यावर डायमिनाझीन आणि तिसऱ्यावर ऑक्सिटेट्रासायक्लिन अशी औषधे वेगवेगळी आहेत. लाल लघवी दिसली की बबेसिओसिसच, असेही म्हणता येत नाही, कारण व्यालेल्या जनावरात स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) कमतरतेनेही लघवीला तोच रंग येतो.

दुग्धक्रांतीच्या काळात कृत्रिम रेतनामुळे होल्स्टीन आणि जर्सी या विदेशी जातींचे रक्त खेड्यांपर्यंत पोहोचले. त्या वर्षांत गोचिडांवर बीएचसी या कीटकनाशकाची भुकटी सर्रास चोळली जाई. हा घटक चरबीत साठतो आणि दुधाच्या फॅटबरोबर बाहेर पडतो. दुधातील त्याच्या अवशेषांची चर्चा होत राहिली आणि 1997 साली देशात त्यावर बंदी आली.

सर्वांत वादग्रस्त ठरला तो 2006 सालचा निर्णय. शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, आणि त्यात सवलतीवर जास्त दुधाची जनावरे देण्याची तरतूद होती. कापसाच्या एका पिकावर उभ्या असलेल्या घराला रोजचा पैसा मिळावा, हा हेतू योग्यच होता. त्यावर टीका झाली ती मुख्यतः चारा, पाणी आणि सरकी ढेपेच्या खर्चावरून. गोचिडांचा मुद्दा त्या चर्चेत जवळजवळ आलाच नाही, आणि माझ्या मते निर्णयातील खरी उणीव तिथेच होती. दूरच्या प्रवासाने थकलेली, व्यायला आलेली किंवा नुकतीच व्यालेली संकरित गाय अशा कोठ्यात बांधली गेली, जिथे कुडाच्या भिंतीचा शेणमातीचा लेप सुटलेला असतो. त्या फटीत बोट घातले की टम्म फुगलेली करडी गोचीड हाताला लागते. जनावरावरून गळून पडलेली मादी अशाच आडोशाला हजारो अंडी घालते. म्हणून केवळ गाईच्या अंगावर औषध मारून भागत नाही. भिंत, गव्हाण आणि दावणीभोवतीची जमीनही हाताळावी लागते.

थायलेरिओसिसची लस देशात आधीपासून उपलब्ध होती. ती जिवंत पेशींची असल्याने अतिथंड लिक्विड नायट्रोजनमध्येच ठेवावी लागते, आणि गाभण काळाच्या शेवटच्या टप्प्यात ती टाळतात. म्हणजे जनावर देण्याच्या बरेच आधी तिचा विचार व्हायला हवा होता. ज्या नायट्रोजनच्या कॅनमधून रेतनाच्या कांड्या गावोगाव जात होत्या, तशाच कॅनमधून ही लसही नेता आली असती.

दुधावरचा परिणाम संकलन केंद्रावर आधी कळतो. ताप 104 फॅरनहाइटच्या वर चढतो, खांद्यापुढची गाठ सुजते, गाय कुटाराला तोंड लावत नाही आणि दूध एकदम आटते. खाणे तुटले की एसएनएफही (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) उतरतो. गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरत असल्याने शेतकऱ्याचे नुकसान दुहेरी होते. गाय बरी होत असताना दूध पुन्हा केंद्रावर जाऊ लागते, तेव्हा प्रतिजैविकाचा प्रश्न उभा राहतो. ऑक्सिटेट्रासायक्लिन दिल्यावर ठरलेले दिवस दूध वेगळे ठेवायचे असते. घरातल्या बाईला त्याची खूण लवकर पटते, कारण त्या दुधाला विरजण नीट लागत नाही. पण उधारीवर ढेप आणणाऱ्याला चार दिवसांचे दूध टाकून द्या, असे सांगणे सोपे नाही, आणि त्या दुधाची भरपाई कोणी देत नाही.

2016 नंतर विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पामुळे संकलनाची व्यवस्था वाढली. दरम्यान डेल्टामेथ्रिन या गोचीडनाशकाला न दबणाऱ्या गोचिडांच्या नोंदी देशाच्या अनेक भागांत झाल्या. अंदाजाने पातळ केलेले औषध वारंवार फवारल्याने अशा गोचिडांना बळ मिळते. 2022 साली लम्पी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा राज्यभर काही महिन्यांत गोवंशाचे लसीकरण झाले. ती लस बर्फाच्या डब्यातून नेता येत होती. थायलेरिओसिसच्या लसीला नायट्रोजनचा कॅन, तो वेळेवर भरणारा माणूस आणि कुपी वितळण्याआधीच एका जागी जमवलेली जनावरे लागतात, आणि लहान गावात या तीन गोष्टी एकाच दिवशी जुळवून आणणे हेच आजही सर्वांत अवघड काम आहे.