ट्रेनिंगनंतर आकडे वाढले, पण ट्रेनिंगमुळे वाढले का?

दोन दिवसांचं ट्रेनिंग संपत आलेलं असतं. हॉलमधला एसी जरा जास्तच गार असतो, दुपारच्या गुलाबजामांनी डोळे जड झालेले असतात आणि ग्रुप फोटोच्या आधी प्रत्येकाच्या हातात एक कागद येतो. ट्रेनर कसा वाटला? विषय उपयुक्त होता का? जेवणाची व्यवस्था कशी होती? एक ते पाचपैकी आकड्याला गोल करा. सगळे चार-पाचला गोल करून मोकळे होतात, कारण ट्रेनर समोरच उभा असतो आणि घरी जायची घाई असते. महिन्याभराने एचआरच्या प्रेझेंटेशनमध्ये याच कागदांची सरासरी काढलेली असते आणि खाली लिहिलेलं असतं, 'प्रशिक्षण अत्यंत यशस्वी'.

ट्रेनिंगचं मूल्यमापन कसं करावं याचा एक आराखडा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९-६०च्या सुमारास चार लेखांत मांडला. त्यात चार पायऱ्या आहेत. लोकांना आवडलं का? ते काही शिकले का? कामावर परतल्यावर वागण्यात फरक पडला का? आणि शेवटी, संस्थेला त्याचा काही उपयोग झाला का? साठ वर्षांहून जास्त काळ जगभरचे एचआरवाले हा आराखडा पाठ करतात आणि पहिल्याच पायरीवर बसून राहतात, कारण तिला फक्त झेरॉक्सचा खर्च येतो.

आवडलं म्हणजे थोडंफार शिकलेही असणार, असं आपण धरून चालतो. संशोधक जॉर्ज ॲलिगर आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये तोवरच्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा ट्रेनिंग आवडणं आणि त्यातून शिकणं यांच्यातला सहसंबंध (एक वाढलं की दुसरंही किती वाढतं, त्याचं माप; शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) जवळजवळ शून्य निघाला. 'हे मला कामात उपयोगी पडेल का' असं विचारलं तर उत्तराचा शिकण्याशी थोडा जास्त संबंध दिसतो, पण तोही फार नाही.

कधीकधी तर उलटंच घडतं. ब्रिटिश टपाल खात्याला यंत्रावर पत्रांची वर्गवारी करण्यासाठी पोस्टमनना कीबोर्ड शिकवायचा होता. ॲलन बॅडली आणि लाँगमन या मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे गट पाडले. एका गटाला रोज एकच तास सराव, तर दुसऱ्या टोकाच्या गटाला रोज दोन-दोन तासांची दोन सत्रं. १९७८मध्ये निष्कर्ष छापून आले. रोज एक तास शिकणाऱ्यांनी कीबोर्ड साधारण ३५ तासांत आत्मसात केला, तर रोज चार तास बसणाऱ्यांना त्यासाठी ५० तास लागले. आता गंमत बघा: सर्वांत कमी समाधानी कोण होते? रोज एक तासवाले! दिवस मोजले तर आपण बाकीच्यांच्या मागे पडतोय, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या हातात तो एक ते पाचचा कागद दिला असता, तर सगळ्यांत चांगली पद्धत सगळ्यांत आधी बंद पडली असती.

यावर अनुभवी मॅनेजर म्हणतो, "अहो, ते फॉर्म आम्हीही बघत नाही. आम्ही थेट आकडे बघतो. गेल्या महिन्यात ज्यांचा परफॉर्मन्स सर्वांत वाईट होता त्यांना ट्रेनिंगला पाठवलं आणि पुढच्याच महिन्यात त्यांचे आकडे वाढले. अजून काय पुरावा पाहिजे?"

खरं तर मला लिहायचं होतं ते याच वाक्याबद्दल. फॉर्मची फसवणूक निदान दिसते तरी. ही फसवणूक शास्त्रीय दिसते, म्हणून जास्त चिवट आहे.

दोन फासे घ्या. एका कंपनीत ३६ विक्री प्रतिनिधी आहेत असं समजू. प्रत्येकाने नोकरीला लागताना पहिला फासा टाकला. त्यावर पडलेला आकडा म्हणजे त्याचं कौशल्य. ते पक्कं आहे, बदलत नाही. दुसरा फासा दर महिन्याला नव्याने पडतो, तो म्हणजे त्या महिन्याचं नशीब: मोठं गिऱ्हाईक हाती लागलं, पाऊस फार झाला, घरी आजारपण निघालं. त्या महिन्याची विक्री म्हणजे दोन्ही फाशांची बेरीज. ती २ ते १२च्या मधे कुठेही येईल, सरासरी ७.

दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात. प्रत्येक जोडी एकेकाच्या वाट्याला आली असं धरू, म्हणजे हिशेब सोपा. पहिल्या महिन्यात ज्यांची बेरीज ४ किंवा त्याहून कमी आहे, असे सहा जण निघतात. त्यांच्या बेरजा २, ३, ३, ४, ४, ४, आणि सरासरी ३.३३. साहेब चिडतात आणि या सहा जणांना ट्रेनिंगला पाठवतात. ते ट्रेनिंग अगदी निरुपयोगी आहे, दोन दिवस नुसतं समोशांवर उडालं, असंच समजू.

पुढच्या महिन्यात काय होईल? या सहा जणांचं कौशल्य आहे १, १, १, २, २, ३, सरासरी १.६७. त्यात बदल नाही. पण नशिबाचा फासा नव्याने पडणार आणि त्याची सरासरी ३.५. म्हणजे सहा जणांची अपेक्षित सरासरी १.६७ अधिक ३.५, साधारण ५.१७. विक्री ३.३३वरून ५.१७वर गेली. वाढ ५५ टक्के! ट्रेनिंग देणारी संस्था हा आकडा पुढच्या ब्रोशरवर छापणार आणि तो खोटाही नसणार.

हेच वरच्या टोकाला करून बघा. दहा किंवा जास्त बेरजेचे सहा जण स्टार परफॉर्मर ठरले, त्यांना गोव्याची ट्रिप मिळाली. त्यांची सरासरी १०.६७. पुढच्या महिन्याची अपेक्षित सरासरी ८.८३, म्हणजे १७ टक्के घसरण. साहेबांचा निष्कर्ष ठरलेला: कौतुक केलं की माणसं शेफारतात, झापलं की सुधारतात.

काहीही बदललं नसताना दोन्ही गट सरासरीकडे का सरकले? कारण तळाला पोचायला नुसतं कौशल्य कमी असून भागत नाही, त्या महिन्यात नशिबानेही दगा द्यावा लागतो. आपण माणसं निवडली ती याच दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून. पुढच्या महिन्यात कौशल्य सोबत येतं, दुर्दैव येईलच असं नाही. सांख्यिकीत याला सरासरीकडे परतणं म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६मध्ये २०५ आईबापांच्या जोड्या आणि त्यांची ९२८ प्रौढ मुलं यांच्या उंचीच्या तक्त्यातून ते दाखवलं: फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने तितकी नाहीत.

आता थोडं गणित, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. आपल्या उदाहरणात तळाचे सहा जण सरासरीपासून ३.६७ दूर होते, पुढच्या महिन्यात १.८३ दूर राहिले, बरोबर निम्मे. हा योगायोग नाही. कौशल्य आणि नशीब यांचं विचरण, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, इथे सारखं आहे, त्यामुळे दोन महिन्यांच्या आकड्यांतला सहसंबंध ०.५ येतो, आणि सरासरीपासूनचं अंतर सहसंबंधाच्या पटीत उरतं. एका महिन्याऐवजी तीन महिन्यांच्या सरासरीवर माणसं निवडली तर नशिबाचं विचरण एक तृतीयांश होतं, कौशल्याचा वाटा पाऊण होतो आणि अंतर फक्त पाव हिश्शाने घटतं. म्हणजे निवड जितक्या कमी मुदतीच्या आकड्यांवर, तितकी फुकटची 'सुधारणा' मोठी. आणि आपल्याकडे माणसं ट्रेनिंगला पाठवतात ती बहुतेकदा गेल्याच महिन्याचे आकडे बघून.

हे गणित माणसाच्या अनुभवाला पटत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिकवत होते, की शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस जास्त शिकतो. एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला, की आमच्याकडे उलटं होतं. छान कसरत करणाऱ्याची पाठ थोपटली की पुढची वेळ बिघडते, आणि वाईट करणाऱ्यावर ओरडलं की पुढची वेळ सुधारते. त्याचं निरीक्षण शंभर टक्के खरं होतं, निष्कर्ष चुकीचा. कानेमननी सगळ्यांना पाठीमागच्या लक्ष्याकडे न बघता दोनदा नाणं फेकायला लावलं. पहिल्या वेळी ज्यांचं नाणं लक्ष्याच्या जवळ पडलं त्यांचं दुसऱ्या वेळी बहुतेक लांब गेलं, आणि ज्यांचं लांब पडलं होतं त्यांचं जवळ आलं. त्यात कोणी कोणावर ओरडलं नव्हतं.

अंगारे-धुपारे, गंडेदोरे याच गणितावर जगतात. माणूस बाबाकडे जातो तो दुखणं अगदी शिगेला पोचल्यावर, आणि चढउतार होणारं दुखणं शिगेनंतर बहुधा उतरतंच. श्रेय अंगाऱ्याला. सूटबूट घालून निखाऱ्यांवरून चालायला लावणारे, 'आतली शक्ती जागी करणारे' कॉर्पोरेट गुरू याच जातकुळीतले. कोळसा उष्णतेचा मंदवाहक असतो आणि पाय क्षणभरच टेकतो म्हणून भाजत नाही. त्यात आतल्या शक्तीचा काडीचाही संबंध नाही. ट्रेनिंगच्या स्लाइड्सवर हमखास दिसणारा 'वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के' हा त्रिकोणही असाच. एडगर डेल यांनी १९४६मध्ये काढलेल्या मूळ शंकूत टक्केवारी नव्हतीच, ती मागाहून कोणीतरी चिकटवली.

मग ट्रेनिंगचा परिणाम खरंच मोजायचा कसा? ज्यांना पाठवलं त्यांच्याचसारखे, पण ज्यांना पाठवलं नाही, अशांशी तुलना करायची. आणि कोण जाईल, कोण थांबेल हे साहेबांनी ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. नशिबाचा फासा मग दोन्ही गटांना सारखाच पडतो. दोन्ही गट सरासरीकडे परततील. त्यावर जो फरक उरेल तो ट्रेनिंगचा.

बेंगळुरूच्या शाही एक्स्पोर्ट्सच्या पाच कपडे-कारखान्यांत अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्याषाधाम या अर्थतज्ज्ञांनी नेमकं हेच केलं. ट्रेनिंग शिलाईचं नव्हतं. नेमकं बोलणं, वेळेचं नियोजन, अडचण आली तर ती वर कशी मांडायची, असं आठवड्याला दोन तास, जवळपास वर्षभर. नाव नोंदवलेल्या महिलांमधून सोडत काढली. आधी शिलाईच्या कुठल्या लाइन्स (एकत्र काम करणाऱ्या रांगा) घ्यायच्या याची, मग त्या लाइनमधल्या कुठल्या बायका याची. ट्रेनिंग संपल्यावर सोडतीत नाव आलेल्यांची उत्पादकता न आलेल्यांपेक्षा १३.५ टक्के जास्त निघाली. कार्यक्रम संपून आठ महिने झाले तेव्हा कंपनीला खर्च वजा जाता २५६ टक्के परतावा मिळालेला होता. आणि त्या बायकांचा पगार किती वाढला? अर्धा टक्का. कर्कपॅट्रिकच्या चौथ्या पायरीवर 'संस्थेला काय मिळालं' हा प्रश्न आहे, शिकणाऱ्याला काय मिळालं हा नाही. माझ्या मते पाचवी पायरी तीच असायला हवी होती.

दुसरा प्रयोग तर आपल्याच दारातला. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००८पासून तारापूर आणि उंबरगावच्या सुती कापड गिरण्यांचा अभ्यास केला, १७ कंपन्यांचे २८ कारखाने. सुताच्या गोण्या लेबलाशिवाय एकावर एक रचलेल्या, कापडात दोष कुठून येतो याची नोंद नाही, माग बंद पडला की मगच दुरुस्ती, अशी अवस्था होती. काही कारखान्यांना सल्लागारांनी महिनाभर फक्त तपासणी करून दिली. बाकीच्यांना त्यापुढे चार महिने शेजारी उभं राहून नव्या पद्धती बसवून दिल्या. पहिल्याच वर्षी त्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. फक्त तपासणीवाले नसते तर या १७ टक्क्यांतलं बाजाराच्या तेजीचं किती, हे सांगायला कोणालाच जमलं नसतं. काही वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा शिकवलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटलेल्या होत्या. मॅनेजर बदलला की त्याच्यासोबत पद्धतही जायची. तरीही हे कारखाने इतरांच्या पुढेच होते.

"आमची एवढीशी कंपनी, आम्ही कुठे प्रयोग करत बसणार?" असं विचारलं जातं. पण ट्रेनिंग तसंही बॅचमध्येच होतं. एका वेळी सगळ्यांना पाठवलं तर काम बंद पडेल. मग पहिल्या आणि दुसऱ्या बॅचची नावं चिठ्ठ्या टाकून ठरवा. पहिली बॅच परत आल्यापासून दुसरी जाईपर्यंतचे दोन-तीन महिने दुसरी बॅच ही तुमची तुलनेची बाजू. कोणाचं ट्रेनिंग बुडत नाही, खर्च तेवढाच. मागे पडलेल्यांनाच आधी शिकवायचं असेल, तर त्या मागे पडलेल्यांतच सोडत काढा.

परीक्षा घ्यायची असेल तर ती निरोपाच्या भाषणाआधी घेऊ नका. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा दोनदा वाचायला दिला, दुसऱ्याला एकदा वाचून आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले, ५६ विरुद्ध ४२. तेव्हा प्रश्नपत्रिका महिन्याभराने काढा, आणि ती दोन्ही बॅचेसना द्या. दहा-बारा जणांच्या बॅचमध्ये आकडे डगमगणारच, म्हणून एका फेरीवर निर्णय न घेता तीन-चार फेऱ्यांचे आकडे एकत्र करा. एक्सेलमध्ये त्यासाठी एकच जादा रकाना लागतो: सोडतीत कुठली बॅच आली.