हवा दोन अंश तापली म्हणून ओढा दोन अंश तापत नाही

मे महिन्यात हिमाचलात मनाली-तीर्थन करून आलेलं कोणीतरी दरवर्षी ऐकवतंच, "अरे, तिकडेही आता पंखे लागतात. ट्राउट संपला म्हणून समज." ट्राउट म्हणजे तिकडच्या थंड पाण्यातला मासा. पंखा लागतो तो हवेच्या तापमानामुळे. ते मुंबईकराला कोणी शिकवायला नको. कुलाबा किती, सांताक्रूझ किती, हे रोज कानावर पडतं.

ट्राउट मात्र पाण्यात राहतो. हवा दोन अंशांनी वाढली म्हणजे पाणीही दोन अंशांनी, हे त्रैराशिक शिकल्यासवरल्या माणसांनी मांडलं की माझं डोकं फिरतं. उन्हाळ्यात ओढा तापतो तो मुख्यतः अंगावर पडणाऱ्या थेट उन्हाने. त्यात वरून बर्फाचं पाणी येतं, तळातून झरे मिळतात आणि बाष्पीभवनाने उष्णता निघूनही जाते. त्यामुळे हवा एक अंश वाढली, तर पाणी सहसा त्याहून कमी वाढतं. किती कमी, हे ओढ्यागणिक वेगळं. झऱ्यांवर पोसलेला, झाडीखालचा ओढा जवळपास ढिम्म. शेजारचाच उथळ, काठची झाडं तोडलेला ओढा दुपारी भराभर चढतो. हवा दोघांवर तीच! बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पावसाळ्यानंतर झाडीखालच्या पाण्यात हात घाला आणि मग उन्हातल्या उथळ डबक्यात. (पार्काबाहेरच्या दहिसर नदीत हात घालायला मी कोणाला सांगणार नाही.)

अमेरिकेच्या वन खात्याच्या 'नॉरवेस्ट' प्रकल्पाने म्हणूनच पश्चिमेकडच्या नद्यांत प्रत्यक्ष मोजलेल्या नोंदी गोळा केल्या आणि ऑगस्टमधल्या पाण्याच्या सरासरी तापमानाचे अंदाज किलोमीटर-किलोमीटरच्या तुकड्यांसाठी काढले. त्या गणितात हवेचं तापमान आहेच, पण उंची, उतार, प्रवाह, झाडोरा यांच्या पंगतीत. नुसत्या हवेच्या नकाशावर लाल पट्टे ओढून 'इथला मासा जाणार' म्हणणं मला आळशीपणा वाटतो.



मात्र झऱ्याच्या ओढ्याला कायमचं अभय नाही. उथळ भूजलाचं तापमान तिथल्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं; सरासरी वाढली की तेही वाढतं, फक्त उशिरा. दोन-चार उन्हाळ्यांच्या नोंदींत हे दिसत नाही. त्यामुळे आजचा थंड ओढा राखायचाच, पण त्याचा तापमापक काढून आणायचा नाही.