पार्श्वभूमी: खुराकातलं तूप

सकाळी कुस्ती किंवा बॉक्सिंग, संध्याकाळी गंगापूर रोडच्या जीममध्ये डेडलिफ्ट. नाशिकमध्ये अशी दुहेरी मेहनत करणारी पोरं आता बरीच दिसतात. त्यांची तक्रारही ठरलेली: प्रोटीनचा डबा संपतो, पण अंग उतरतं.

तालमीत जोर-बैठका, गदा आणि मातीतली लढत एकाच अंगावर पडायची. पण खुराकही तसाच असायचा: म्हशीचं दूध, तूप, बदामाची थंडाई, जमलं तर मटण, आणि सोबत भाकऱ्यांची चवड. तुपात प्रथिनं जवळजवळ शून्य, तरी वस्ताद ते सोडू देत नसत.

प्रथिनांची भक्ती युरोपातली. स्नायू राबताना स्वतःतलंच प्रथिन जाळतो, असं 1840 च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग मांडत होते. 1865 मध्ये फिक आणि विस्लिसेनस हे दोघे प्राध्यापक प्रथिनं वर्ज्य करून स्वित्झर्लंडमधलं फाउलहॉर्न शिखर चढले. वाटेत लघवी साठवली, तिच्यातला नायट्रोजन मोजला. जळलेल्या प्रथिनांत एवढी चढण भागलीच नसती! लीबिग यांचा सिद्धांत तिथे डळमळला. जीममध्ये तो अजून ठणठणीत आहे.

दोन मेहनती एकत्र केल्या की काय होतं, हे 1980 मध्ये अमेरिकेत संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी तपासलं. वजनं उचलणं आणि दमसासाचा व्यायाम दोन्ही करणाऱ्यांची ताकद सातेक आठवडे वाढली, मग थांबली, आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात घसरली. पुढच्या अभ्यासांत हा फटका इतका मोठा दिसला नाही, स्नायूंच्या आकारावर तर कमीच. माझ्या मते आपल्याकडे खरी गोची वेगळीच आहे, वजनकाट्याची.

जत्रेतली कुस्ती इनामावर आणि जोडीवर ठरायची. ऑलिंपिकला मात्र वजनाचे गट आले. खाशाबा जाधवांचं 1952 चं हेलसिंकीतलं कांस्य 57 किलोचं. गटात बसायचं म्हणून जेवण तोडायचं, पाणी तोडायचं. 1997 च्या अखेरीस वजन उतरवताना अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर दगावले, तेव्हा तिथले नियम बदलले. 2018 पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन लढतीच्या प्रत्येक दिवशी सकाळीच होतं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला कुस्तीगीर विनेश फोगाट दुसऱ्या सकाळी 100 ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली, ते याच नियमामुळे.

प्रथिनांचा आकडा तसा अवघड नाही. किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम, म्हणजे 70 किलोच्या पोराला दिवसाला 112 ग्रॅम. दूध, अंडी, डाळ, मटकी, चिकन यांत तो बसतो. (रविवारची मिसळही मोजा, तर्री वगळून.) कमी पडते ती भाकरी आणि भात. कार्ब नको म्हणून ते ताटातून जातात, तूप आधीच गेलेलं असतं, आणि दोन वेळच्या मेहनतीला शरीर मग स्नायूंतूनच उचल घेतं.

वजन उतरवायचंच असेल, तर ते स्पर्धेच्या दोन-तीन महिने आधीपासून, आठवड्याला अर्धा किलोच्या चालीने.