महाग वायरीने आवाज गोड होतो का?

‘स्पीकरची वायर जितकी महाग, तितका आवाज गोड’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, पण हिशोब बघा. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ५ मीटर नेली तर जाऊन-येऊन रोध साधारण ०.१२ ओहम, आणि स्पीकर ८ ओहमचा. म्हणजे दीड टक्का. कानाला कळत नाही. नाशिकच्या मेन रोडवर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती साधी दोन-कोर वायर हॉलला पुरते. फक्त तार खरवडून बघा; आत पांढरी निघाली तर ते तांबं नव्हे, तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम.

खात्री हवी? आवाज तेवढाच ठेवून, तुम्हाला न दाखवता घरच्यांना वायर बदलायला सांगा. १० वेळा ओळखा. पाच-सहाच बरोबर आले, तर तो छापा-काटाच.

दोनपैकी एका स्पीकरची लाल-काळी टोकं उलटी लागली, तर मात्र फरक लगेच कळतो: बास पातळ होतो.