हात कोणी नेला?

गेल्या महिन्यात माझ्या दुचाकीच्या हँडलला कोणीतरी एक पत्रक अडकवून गेलं. ‘21 दिवसांत नवे तुम्ही! जुन्या सवयी मुळासकट नष्ट.’ खाली कार्यशाळेची तारीख आणि शुल्क. अशी पत्रकं मी सहसा टाकून देतो. हे मात्र ठेवलं, कारण त्याच आठवड्यात एका मित्राची दोन वर्षांची मेहनत मी डोळ्यांसमोर कोसळताना पाहिली होती, आणि त्याला छळणारा शब्द नेमका हाच होता: मुळासकट.

मित्र हिंजवडीत नोकरी करतो. कॉलेजात लागलेली सिगरेट त्याने दोन वर्षांपूर्वी सोडली. दुपारच्या जेवणानंतर टोळक्याबरोबर ऑफिसखाली उतरणं बंद केलं, खिशात बडीशेप ठेवली, घरच्यांनी त्याची चिडचिड सोसली. सहा महिन्यांनी तो म्हणायला लागला, ‘आता आठवणसुद्धा येत नाही.’ ते खोटं नव्हतं. मग पावसाची भुरभुर असलेल्या एका संध्याकाळी आम्ही जुने चौघं कॉलेजमागच्या गल्लीतल्या टपरीवर जमलो, कित्येक वर्षांनी. टपरी तीच, गल्ल्यावर आता मालकाचा मुलगा. स्टोव्हची घरघर, ठेचलेल्या आल्याचा वास, पत्र्यावरून टपटपणारं पाणी, खांबाला दोरीने बांधलेला लायटर. मित्र चहाचा घोट घेत मुलीच्या दहावीबद्दल बोलत होता. बोलता बोलता त्याचा उजवा हात शर्टाच्या डाव्या खिशाकडे गेला आणि दोन बोटांनी खिसा चाचपला. खिसा रिकामा. त्याने स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. पाच मिनिटांनी त्याने एक सुट्टी सिगरेट घेतली. घरी सोडताना एवढंच म्हणाला, “हात गेला रे. मी नाही नेला.”

मग कोणी नेला?

माणसाने हा प्रश्न फार पूर्वीपासून विचारला आहे. कोणी घोडे आणि सारथी कल्पिले, कोणी देह आणि आत्मा, कोणी इच्छा आणि विवेक. रोजच्या बोलण्यातही आपण ‘एक मन म्हणतं जा, दुसरं म्हणतं नको’ असं सहज म्हणतो. या सगळ्या चित्रांत डोक्यात दोघं जण असतात, एक शहाणा आणि एक हट्टी, आणि बदल म्हणजे शहाण्याने हट्ट्याला हाकलून देणं. म्हणूनच हट्टी परत आला की माणूस स्वतःला कमकुवत समजतो. मेंदूविज्ञानाकडे याहून वेगळं चित्र आहे, आणि ते मला अधिक खरं वाटतं. डोक्यात दोन माणसं नाहीत, दोन धडे आहेत. दोन्ही एकाच मेंदूने सारख्याच प्रामाणिकपणे शिकलेले आहेत, आणि दुसरा शिकल्याने पहिला पुसला जात नाही.

आधी त्या 21 दिवसांचं पाहू. 1960 साली मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने लिहिलं की, शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात. पुढे त्यातलं ‘किमान’ गळालं, चेहराही गळाला, आणि उरला तो सगळ्या सवयींसाठीचा मंत्र. प्रत्यक्षात मोजमाप केलं ते लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. 96 जणांनी रोज एक नवी साधी कृती करायची, उदाहरणार्थ जेवणाबरोबर पाणी पिणं, आणि ती किती आपसूक होते ते नोंदवायचं. 2009 मध्ये निष्कर्ष आले: मध्यक 66 दिवस, पल्ला मात्र 18 पासून 254 दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नव्हतं. आणि हे सगळं नवी सवय लावण्याबद्दल. जुनी जाण्याचं गणित याहून निराळं आहे. माझा जीव त्याच गणितात अडकला आहे, म्हणून जरा धीर धरा.

मेंदू कशावरून शिकतो? बक्षिसावरून नव्हे, अपेक्षाभंगावरून. 1972 मध्ये रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी हे एका छोट्या समीकरणात बसवलं. प्रत्येक अनुभवानंतर अपेक्षेत किती बदल होईल? जे मिळालं त्यातून जे अपेक्षित होतं ते वजा करा आणि उरलेल्या फरकाचा ठरावीक हिस्सा घ्या. समजा बक्षीस 100 आहे आणि हिस्सा एक पंचमांश. सुरुवातीला अपेक्षा शून्य, म्हणून फरक 100 आणि शिकवण 20. दुसऱ्या वेळी फरक 80, शिकवण 16, अपेक्षा 36. तिसऱ्या वेळी फरक 64, अपेक्षा सुमारे 49. चौथ्या वेळी 59. पायऱ्या लहान लहान होत जातात आणि अपेक्षा 100 च्या जवळ आली की शिकणं जवळजवळ थांबतं. बक्षीस अजून तेवढंच गोड असतं, पण त्यात नवं काही नसतं.

ही नुसती कागदावरची आकडेमोड राहिली नाही, हे मला फार विलक्षण वाटतं. वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या, डोपामीन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचे विद्युत स्पंद मोजले. अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की पेशी जोरात कडाडतात. दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकड शिकलं की पेशी दिव्याला कडाडतात, रसाला शांत राहतात. आणि दिवा लागून रस मिळालाच नाही, तर नेमक्या त्या अपेक्षित क्षणी पेशींचे स्पंद नेहमीपेक्षाही खाली जातात. वजाबाकीचं चिन्ह पेशीत दिसतं! 1997 मध्ये शुल्त्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी हा धागा समीकरणाशी जोडला. (मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या नावाखाली हजारो रुपये घेणाऱ्यांचा मध्यमेंदू तो हाच. तो प्रत्येक मुलात जन्मापासून चालू असतो. बंद असता तर मूल जागंच राहिलं नसतं. पट्टी बांधून वाचणारं मूल नाकाशेजारच्या फटीतून वाचतं. पालकांनी पैसे भरू नयेत आणि मुलांना खोटं बोलायला लावू नये.)

आता हेच समीकरण उलट चालवा. अपेक्षा 100, मिळालं शून्य. फरक उणे 100. अपेक्षा 80 वर येते, मग 64, 51, 41 आणि शेवटी शून्याजवळ. म्हणजे पाटी कोरी. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याला ‘विलोपन’ म्हणतात. समीकरणही तेच सांगतं, पत्रकही तेच सांगतं. दोन्ही इथे चुकतात.

चूक दाखवणारा पुरावा समीकरणाच्या कितीतरी आधीचा आहे. पावलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते, पण बहुधा अर्धीच. मेट्रोनोमची टिकटिक ऐकून लाळ गाळणाऱ्या कुत्र्याला पुन्हा पुन्हा नुसती टिकटिक ऐकवली, अन्न दिलं नाही, की लाळ आटते. इथवर समीकरण बरोबर. पण मग कुत्र्याला विश्रांती दिली, काहीही शिकवलं नाही, आणि काही काळाने पुन्हा टिकटिक ऐकवली. लाळ परत आली. कोरी पाटी आपोआप पुन्हा लिहिली जात नाही. पावलॉव्हने त्यावरून ओळखलं की मूळ प्रतिसाद नष्ट झालेला नसतो, त्याच्यावर दाब असतो.

हा दाब कधी टिकतो आणि कधी सुटतो, याचा शोध मार्क बाऊटन यांनी उंदरांवर अनेक वर्षं घेतला. एका पिंजऱ्यात आवाजानंतर विजेचा सौम्य झटका, उंदीर आवाजाला घाबरायला शिकला. दुसऱ्या पिंजऱ्यात नुसता आवाज, झटका नाही, भीती मावळली. आता उंदराला पहिल्या पिंजऱ्यात परत नेलं. भीती परत हजर. तिसऱ्याच, कधी न पाहिलेल्या पिंजऱ्यात नेलं तरी बऱ्यापैकी परत येते. म्हणजे ‘घाबर’ हा धडा उंदीर कुठेही घेऊन जातो, आणि ‘घाबरू नको’ हा धडा मात्र तो जिथे शिकला त्या जागेला चिकटून राहतो. अमली पदार्थासाठी कळ दाबणाऱ्या उंदरांतही हाच प्रकार दिसला आहे.

असं का व्हावं? मराठीतला ‘नाव’ हा शब्द घ्या. लहान मूल आधी एकच अर्थ शिकतं: तुझं नाव काय? हा अर्थ घरी, शाळेत, बाजारात सगळीकडे चालतो. नंतर कधीतरी नदीकाठी कळतं की नाव म्हणजे होडीसुद्धा. पण हा दुसरा अर्थ जागा व्हायला नदी लागते, वल्हं लागतं, पाण्याचा संदर्भ लागतो. संदर्भ नसला की मन पहिल्या अर्थाकडे जातं. दुसरा शिकल्यामुळे पहिला खोडला गेला असं कोणी म्हणणार नाही. मित्रासाठी चहा, पाऊस आणि जुनी गल्ली यांचा पहिला अर्थ सिगरेट होता. दुसरा अर्थ तो हिंजवडीत शिकला, एसीत, बडीशेपेबरोबर.

हे मेंदूत कुठे घडतं तेही बरंच कळलं आहे. भीतीचा धडा अमिग्डाला या बदामाएवढ्या भागात साठतो. त्यावर दाब ठेवण्याचं काम कपाळामागच्या प्रमस्तिष्काच्या मध्यभागाकडून होतं. 2002 मध्ये प्वेर्तो रिकोत मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी उंदरांच्या या भागातल्या पेशींचे स्पंद टिपले. उंदीर भीती शिकत होता तेव्हा पेशी आवाजाला गप्प, भीती मावळत होती तेव्हाही गप्प, आणि दुसऱ्या दिवशी आवाज ऐकल्यावर बोलत्या. पेशी जितक्या जास्त बोलत्या, उंदीर तितका कमी थिजत होता. मग त्यांनी ज्यांची भीती कधी मावळवलीच नव्हती, अशा उंदरांत आवाजाबरोबर याच भागाला हलकी विद्युत चेतना दिली. तेही कमी थिजले. इथून संदेश अमिग्डालातल्या निरोधक पेशींच्या छोट्या पुंजक्यांपर्यंत जातो आणि ते पुंजके बाहेर जाणारा भीतीचा हुकूम रोखतात. आणि ‘आपण आता कोणत्या पिंजऱ्यात आहोत’ हे कळवतो हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा आणखी एक भाग. तो तात्पुरता बधिर केला तर पिंजरा बदलल्याने भीती परत येण्याचा हा प्रकार ढासळतो.

एवढं पाहिल्यावर ‘अंतर्द्वंद्व’ या शब्दाचं ओझं माझ्यासाठी हलकं झालं. हात मित्रानेच नेला. ‘नको’ म्हणणाराही तोच. त्या गल्लीत पहिल्या धड्याला शेकडो ओळखीच्या खुणा होत्या, दुसऱ्याला एकही नव्हती.

जागेची ही ताकद माणसांत किती मोठी असते, ते 1971 नंतर अमेरिकेत दिसलं. व्हिएतनाममधल्या सैनिकांपैकी साधारण पाचांत एक जण तिथे अफूजन्य पदार्थांच्या, मुख्यतः हेरॉइनच्या आहारी गेला होता. हे सगळे घरी आल्यावर काय होणार म्हणून सरकार धास्तावलं. ली रॉबिन्स यांनी परतलेल्यांचा माग काढला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले जेमतेम 5 टक्के. त्यांचा पहिला पिंजरा सात समुद्रांपलीकडे राहिला होता. आपल्याकडे व्यसन सोडणारा माणूस मात्र त्याच चाळीत, त्याच नाक्यावर परत येतो. पुण्यात 1986 मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी उपचारानंतरच्या पाठपुराव्याला इतकं महत्त्व का असतं, ते यावरून नीट समजतं.

पहिला धडा खरोखर पुसता येईल का? 2000 साली करीम नाडर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लडू यांनी दाखवलं की जागी केलेली आठवण काही तास ओली असते. त्या वेळात उंदरांच्या अमिग्डालात प्रथिनं तयार होणं रोखलं तर भीती परत घट्ट होत नाही. जगभर उत्साहाची लाट आली. माणसांवर औषधाविना असंच घडवल्याचं 2010 मध्ये प्रसिद्ध झालं, पण नंतर इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा तसा निकाल मिळाला नाही. उंदरांमधला शोध महत्त्वाचा आहे. त्याच्या जोरावर आज ‘एका बैठकीत आठवण पुसतो’ म्हणणाऱ्याला मात्र दारातून परत पाठवावं.

योगसूत्रांत क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न, उदार. झोपलेला, क्षीण झालेला, मध्येच दबलेला आणि पूर्ण फोफावलेला. निजलेला क्लेश आणि गेलेला क्लेश यांतला फरक ज्याने इतका बारकाईने पाहिला, त्याच्या निरीक्षणाबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणून त्याला अमिग्डाला ठाऊक होता असं मी म्हणणार नाही. मन लावून पाहणं वेगळं, पेशीत तार घालून मोजणं वेगळं, आणि पहिल्याचा मान राखण्यासाठी दुसरं त्याच्या नावावर चढवण्याची गरज नाही.

भीतीवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ हे गणित आता वापरतात. मिशेल क्रॅस्क यांच्या पद्धतीत रुग्णाला आधी विचारतात, काय होईल असं तुला वाटतं? मग तो अनुभव घ्यायला लावतात, जेणेकरून अपेक्षाभंग मोठा व्हावा, आणि तोच सराव वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी करून घेतात, म्हणजे नवा धडा एकाच खोलीला चिकटून राहत नाही. दारू किंवा अफूच्या बाबतीत असलं काही एकट्याने करू नये, तिथे डॉक्टरच हवेत.

मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणत होता, दोन वर्षं पाण्यात गेली. मी म्हटलं, नाही, ती हिंजवडीत आहेत, शाबूत. त्याच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही गेले तीन रविवार त्याच टपरीवर जातोय. जाण्याआधी तो मोबाइलमध्ये लिहितो: तलफ किती येईल, किती वेळ टिकेल. पहिल्या रविवारी त्याने लिहिलं होतं, ‘10 पैकी 9, निघेपर्यंत जाणार नाही.’ चहा संपायच्या आत ती 4 वर आली. तो घड्याळाकडे बघत राहिला. गेल्या रविवारी पाऊस होता, आल्याचा वासही होता, आणि त्याचा हात पुन्हा खिशाकडे गेला. त्याने तो तिथेच थोडा वेळ राहू दिला. मग टपरीवाल्या पोराला म्हणाला, “अजून दोन चहा. आणि एक क्रीमरोल.”