गोव्याचे पर्यटन विदेशी पाहुण्यांवरच चालते का?

गोव्याचे पर्यटन विदेशी पाहुण्यांच्या जिवावर चालते, हा समज हणजूणच्या हिप्पींपासून चालत आला आणि मोरजी किनाऱ्यावरच्या शॅकमधील (झोपडीवजा उपाहारगृहांतील) रशियन मेनूकार्डांनी तो आणखी पक्का केला. पर्यटन खात्याचे आकडे मात्र वेगळेच सांगतात. कोविडपूर्वीच्या २०१९ मध्येही सुमारे ८० लाख पर्यटकांत विदेशी साडेनऊ लाखांहून कमीच होते. २०२४ मध्ये एकूण संख्या एक कोटीच्या पुढे गेली, तेव्हा विदेशी पर्यटक पावणेपाच लाखांच्या आत राहिले. वाढ झाली ती देशी पर्यटकांमुळे. चार्टर, म्हणजे पर्यटकांसाठी खास भाड्याने घेतलेल्या विमानाने आलेला विदेशी पाहुणा आठवडा-दोन आठवडे मुक्काम करतो, त्यामुळे किनाऱ्यावर तो संख्येपेक्षा जास्त जाणवतो, हे खरे; पण चार्टरचा हंगाम सरल्यावर, मे महिन्यात कळंगुटचा रस्ता तुंबतो तो एमएच आणि केए, म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक पासिंगच्या गाड्यांनी.